बीदरहून चंद्रमपल्ली, पायी

महाराष्ट्रातली पायी भटकणारी माणसं सह्याद्रीत जातात. आमच्या उदगीर-निलंग्याची पोरंसुद्धा शनिवारी रात्रीची गाडी धरून राजगड नाहीतर हरिश्चंद्रगड गाठतात. पूर्वेला पाठ करूनच निघायचं, हे जणू ठरलेलं. पूर्वेला काय, तर ऊन आणि तूर. पण कलबुर्गी, म्हणजे गुलबर्गा, जिल्ह्याच्या चिंचोळी तालुक्यात, तेलंगणाच्या सीमेला चिकटून, कुंचावरमचं जंगल आहे. २०११ साली कर्नाटक सरकारने ते अभयारण्य म्हणून जाहीर केलं. क्षेत्र सुमारे १३५ चौरस किलोमीटर. लांडगा, तरस, कोल्हा, चौशिंगा अशा कोरड्या मुलखातल्या जनावरांचं हे राज्य. उदगीरहून ते किती जवळ आहे हे सांगितलं की लोक आधी विश्वास ठेवत नाहीत, आणि मग विचारतात, तिथं बघायला काय आहे?

मला ते मामांनी दाखवलं, आणि तेही बीदरपासून चालवत नेऊन.

मामा भालकी तालुक्यातल्या मराठी शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले. जन्म १९५६ चा, म्हणजे ज्या वर्षी हैदराबाद राज्य मोडलं आणि बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले त्या वर्षीचा. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात गेले. भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूरकडे राहिले. झहिराबाद आणि नारायणखेड आंध्राकडे गेले. माझी आई त्यांची थोरली बहीण. ती लग्न होऊन उदगीरला आली तेव्हा माहेर परराज्यात गेलेलं होतं, पण आजोबांच्या तोंडी दोन्ही गावं शेवटपर्यंत एकाच जिल्ह्यातली होती. मामांनी तीस-पस्तीस वर्षं फळ्यावर या मुलखाचा नकाशा काढला. एकदा म्हणाले, “बाबा, मी पोरांना बीदरचं पठार शिकवलो, पण पठार संपतंय कुठं ते पायानं बघितलो नाही. येतोस का?”

मी हो म्हटलं आणि तंबू, पाठीवरच्या पिशव्या, छोटी शेगडी अशी जमवाजमव सुरू केली. मामांनी घोंगडी, काठी आणि पाण्याचा तांब्या एवढंच काढलं. मामीने आठवड्याभराच्या कडक भाकऱ्या केल्या. ही भाकरी सोलापूरपासून गुलबर्ग्यापर्यंत मिळते. ज्वारीची पातळ थापायची आणि तव्यावर दाबून दाबून भाजत तिच्यातला ओलावा पूर्ण घालवायचा. मग ती दिवसच्या दिवस टिकते. मोडताना पापडासारखा आवाज होतो. आमटीत किंवा दह्यात कुस्करून दोन मिनिटं थांबलं की मऊ होते. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि कच्चा कांदा. पुण्याच्या दुकानातून मी आणलेली तयार जेवणाची पाकिटं शेवटपर्यंत उघडली नाहीत.

निघायचा दिवस मामांनी धरला तो येळवशीच्या आदला. मामी रागावली. मार्गशीर्ष अमावास्येला आपल्या शेतात नसलेला शेतकरी या भागात शोधून सापडत नाही. मामांचं म्हणणं असं, की शेतात आता पोरं आहेत, पूजा तीच करतील. आणि येळवशीच्या दिवशी वाटेवरचा माणूस कुठंच उपाशी राहत नाही, चालायला याहून चांगला दिवस नाही.

सुरुवात नौबादला. बीदर शहराला लागून हे गाव, आणि इथं बहामनी काळातला करेझ आहे. गावातले लोक सुरंग बावी म्हणतात. जमिनीखालून खणत नेलेला बोगदा, आणि त्यावर ठरावीक अंतराने वरपर्यंत आलेली विहिरीसारखी उभी विवरं. खोदताना माती वर काढायला, आत हवा जायला आणि नंतर पाणी शेंदायला ती उपयोगी. ही इराणकडची विद्या. मामांनी मला एका विवराच्या काठावर बसवलं आणि कातळाच्या लाल कडेवर बोट ठेवलं. सगळा जांभा. भोकाभोकांचा, पाणी पिणारा. बीदर ज्या पठारावर वसलंय त्याच्या माथ्यावर या जांभ्याचा जाड थर आहे आणि त्याच्याखाली काळा कातळ. पाऊस जांभ्यातून झिरपत खाली जातो, काळ्या कातळावर अडतो आणि मग आडवा वाट काढतो. जिथं पठाराची कड तुटते तिथं तो झरा होऊन बाहेर येतो. गुरु नानक झिरा, पापनाश, झरणी नरसिंह, सगळ्यांचं मूळ हेच. झरणीच्या भुयारात कमरेच्या वर पाण्यातून चालत देवापर्यंत जातात, आणि त्या पाण्याकडे आजवर मी चमत्कार म्हणूनच बघत आलो होतो. कातळ समजल्यावर मला ते जास्तच मोलाचं वाटलं. गुलबर्ग्याहून राजधानी हलवून अहमदशहा बहामनी या माथ्यावर आला त्यामागे पाण्याचा हिशेब मोठा असणार, असं मामा म्हणाले, आणि मलाही ते पटतं.

पुढची चाल दक्षिणेला, मन्नाएखेळीच्या रोखाने. डांबरी रस्ता सोडून शेतांमधल्या गाडीवाटांनी. सह्याद्रीत चालताना डोळा वर, सुळक्याकडे असतो. इथं तो पायाखाली जातो, कारण बदल तिथंच होतो. आधी विटकरी लाल माती, तिच्यात गोल गोल खडे. मग उतार लागतो, मुरूम येतो आणि शंभर-दोनशे पावलांत जमीन काळी होते. काळ्या रानात शाळू कमरेएवढा आणि हरभरा हिरवागार. मध्येच पुन्हा लाल टेकाड चढायचं, की पीक विरळ, तरवड आणि सीताफळाची झुडपं. मामा खिशातून औषधाच्या रिकाम्या बाटल्या काढत आणि चमच्याने माती भरत. वर कागदाची पट्टी, एका बाजूला कानडीत गावाचं नाव, दुसऱ्या बाजूला मराठीत. शाळेत ठेवायच्या होत्या. मुलांना नकाशा नंतर, आधी हातात माती, असं त्यांचं मत नोकरीच्या शेवटी शेवटी झालं होतं, आणि ते अमलात आणायला निवृत्तीनंतरच सवड मिळाली.

पहिला मुक्काम एका मारुतीच्या देवळात झाला. मुक्काम मागायची मामांची एक रीत होती. गावात शिरल्यावर आधी पाणी मागायचं. पाणी देणारा विचारतोच, “कुटं निघूलालाव?” मग गावाचं नाव, यंदा पाऊस कसा झाला, तुरीला शेंग किती धरली, हे सगळं होऊ द्यायचं. राहायचा विषय आपण काढायचाच नाही. तो समोरून येतो. आला. कोणी मराठीत, कोणी कानडीत, कोणी दखनीत बोलत होतं, आणि मामा ज्याला त्याला त्याच्याच भाषेत उत्तर देत होते. मी ऐकत होतो. कानडी मला कळते, बोलता येत नाही.

येळवशीच्या सकाळी रस्त्यावर माणूस दिसेना. गावं ओस आणि रानं भरलेली. बैलगाड्या, ट्रॅक्टर, मोटारसायकली सगळ्या शेतांकडे, डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायका, नवे कपडे घातलेली पोरं. दर शेतात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून केलेली कोप. आत पाच दगड मांडून चुना-कावेने रंगवलेले पांडव, समोर नैवेद्य. लातूर, धाराशिव, बीदर, गुलबर्गा या पट्ट्यात हा सण सारखाच आहे. कानडीत एळ्ळ अमावास्या. पुण्या-मुंबईच्या माणसाला तो सांगून समजत नाही, कारण त्यात देऊळ नाही, मिरवणूक नाही. घर बंद करून रानात जाऊन जेवायचं एवढाच तो आहे.

मन्नाएखेळीला सोलापूर-हैदराबाद महामार्ग ओलांडून आम्ही दोन-अडीच किलोमीटर गेलो असू. एका शेतातून हाक आली. पाठीवरची ओझी बघून त्यांना वाटलं आम्ही पंढरपूरला निघालेले वारकरी. मामांनी सांगितलं, जंगल बघायला चाललोय. हे ऐकून त्या घरातल्या आजी कानडीत काहीतरी बोलल्या आणि सगळे हसले. नंतर मामांनी अर्थ सांगितला, जंगल कुठं पळून जातंय, आधी जेवा. पत्रावळीवर आलेलं जेवण मी कधी विसरणार नाही. भज्जी, म्हणजे तुरीचे आणि हरभऱ्याचे ओले दाणे, वाटाणा, मेथी, चिंच, शेंगदाणे, बेसन एकत्र शिजवलेलं दाट कालवण. बाजरीचे उंडे. ज्वारीची ऊन भाकरी. खिचडा. आणि मातीच्या नव्या मडक्यातली आंबील, ताक आणि ज्वारीच्या पिठाची, लसूण-जिऱ्याची, तोंडाला थंड आणि पोटाला आधार देणारी. आंबील पिऊन झाल्यावर घरातला कर्ता माणूस मडकं घेऊन निघाला आणि कडुनिंबाच्या डहाळीने पिकावर शिंपडत शेताला फेरी मारून आला. मामा त्याच्यामागून चालत गेले. आयुष्यात पहिल्यांदा ते दुसऱ्याच्या शेतात येळवस करत होते. परत आल्यावर बराच वेळ बोलले नाहीत. मग मला म्हणाले, “तुझ्या आईला आंबील फार आवडायची. मडक्याच्या बुडाची घट्ट असते ती तिची असायची.”

संध्याकाळी पलिते पेटवून पोरांनी शेताला फेरी घातली आणि मंडळी गावात परतली. आम्हाला तिथंच राहायला सांगितलं. मी बांधाच्या कडेला तंबू ठोकला. मामा कोपीत झोपले. अमावास्येची रात्र, आसपास दिवा नाही. महामार्गावरच्या गाड्यांचा आवाज येत होता पण उजेड टेकाडामागे राहिला होता. कृत्तिका, रोहिणी, मृग, व्याध असं एकामागून एक वर आलं. मामा घोंगडीतून हात काढून दाखवत होते आणि मी चाळीस वर्षांचा माणूस चौथीतल्या पोरासारखा ‘हो, दिसलं’ म्हणत होतो. मध्यरात्रीनंतर कोल्हेकुई सुरू झाली. एका बाजूने एक, मग दुसरीकडून तीन-चार, मग एकदम गप्प. थंडी कडक होती. पहाटे माझ्या तंबूच्या आतून पाणी ठिबकत होतं. आपला श्वासच कापडावर गार होऊन साचतो, त्याने झोपायची पिशवी ओली झाली. मामांच्या कोपीत हात घालून बघितलं, कडबा कोरडा आणि आत ऊब. कडब्यातून हवा खेळते, दव बाहेरच राहतं. शेतकऱ्याने एका तासात उभी केलेली ती वस्तू थंडीच्या रात्रीसाठी माझ्या महागड्या तंबूपेक्षा सरस होती.

अभयारण्यात कुठंही तंबू ठोकता येत नाही, आणि ते योग्यच आहे. आत जायला वन खात्याची परवानगी लागते. चंद्रमपल्लीच्या तलावाकाठी खात्याने पर्यटकांसाठी तंबू उभे केले आहेत, मुक्काम तिथं करायचा. शेतांचा सपाट भाग संपून टेकड्या लागल्या आणि त्या टेकड्यांवर झाडी दाट होत गेली तेव्हा उन्हं कलली होती. वळणावर एकदम पाणी दिसलं. मुल्लामारी नदीला मिळणाऱ्या सरनाल्यावर धरण बांधून हा तलाव झालाय. तिन्ही बाजूंनी जंगलाने वेढलेलं पाणी. या मुलखात ज्यांनी उन्हाळे काढलेत, टँकरची वाट बघितलीय, त्यांनाच त्या दृश्याची किंमत कळेल. मामा काठी टेकून उभे राहिले आणि म्हणाले, “हे माझ्या नकाशात एवढं होतं,” आणि करंगळीचं नख दाखवलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे खात्याचा एक वॉचर आमच्याबरोबर आला. जवळच्याच लमाणी तांड्यावरचा, पन्नाशीतला, हलक्या पायाचा. घरी गोरबोली, खात्यात कानडी, तेलंगणातल्या सोयऱ्यांशी तेलुगू आणि आमच्याशी दखनी. त्याने मामांच्या हातातली बाटली बघितली आणि शांतपणे सांगितलं की इथली माती, दगड, पान काही न्यायचं नाही. मामांनी मान डोलावली, भरलेली माती जागच्या जागी ओतली आणि बाटली खिशात टाकली. चाळीसेक पावलांनंतर मला म्हणाले, “बरोबर बोलला तो. पोरांना इथंच आणावं लागंल.”

कडेला सागाची लागवड आणि बाभूळ. आत शिरलं की खरं रान. पळस, टेंभुर्णी, चंदन. रक्तचंदनही या जंगलात आहे. डिसेंबरात पानगळ सुरू झालेली, म्हणून दरपावली आवाज होतो आणि जनावर आपल्याआधी सावध होतं. वॉचर थांबायचा, खाली बोट दाखवायचा. एका ठिकाणी खडूसारखी पांढरी विष्ठा पडली होती. तरसाची, तो हाडं फोडून खातो म्हणून ती वाळून पांढरी होते. पुढे एका झुडपाखाली बारक्या लेंड्यांचा ढीग, काही ताज्या, काही जुन्या. चौशिंगा पुन्हा पुन्हा एकाच जागी येऊन घाण करतो. जगात चार शिंगांचं हे एकच हरीण, म्हणजे तसं बघितलं तर ते कुरंग आहे, पण गावोगाव त्याला हरीणच म्हणतात. ढिगाशेजारी आम्ही दबा धरून बसलो. काही वेळाने मामांनी माझ्या दंडाला बोट लावलं. ओढ्यापलीकडच्या झाडीत तपकिरी काहीतरी हललं म्हणे. मला दिसलं नाही. मामांना आणि वॉचरला दिसलं. त्या दिवशी मामांचा चेहरा बघणं मला जनावर बघण्याइतकंच होतं.

तिथून एत्तिपोता धबधब्याकडे उतरताना मामांचा गुडघा धरला. काही अंतर आम्ही खात्याच्या जीपने आलो होतो, पण शेवटची उतरण दगडांतून पायीच होती. मी त्यांची पिशवी घेतली. ते दोन्ही हात काठीवर ठेवून एकेक दगड उतरत होते आणि मी एक पाऊल पुढे, पडले तर अंगावर यावेत असा. कोणी काही बोललं नाही. डिसेंबरात धबधब्याला धार बारीक होती, पण खालच्या डोहात पाणी होतं. तिथं पाय सोडून बसलो आणि वॉचर बोलता झाला. अभयारण्याच्या आत लमाणी तांडे आहेत. त्यांना बाहेर जागा देऊन हलवायचा विषय अधूनमधून निघतो. जंगलात रस्ता, वीज, दवाखाना यायला अडचण, बाहेर गेलं तर जमीन कशी मिळेल याची धास्ती. तांड्यावरची तरणी पोरं मुंबई-पुण्याला बांधकामावर जातात आणि घरी म्हातारे, लेकरं राहतात. जानेवारी २०२३ मध्ये मळखेडला पंतप्रधानांच्या हस्ते बीदर, कलबुर्गी आणि आसपासच्या जिल्ह्यांतल्या तांड्यांवरच्या पन्नास हजारांवर कुटुंबांना हक्कपत्रं दिली. घरांचे कागद नावावर झाले ही मोठीच गोष्ट होती. जंगलातल्या तांड्यांचा गुंता मात्र वेगळा आहे. मला जंगल राहावंसं वाटतं, मनापासून. पण ज्याच्या डोळ्यांनी मी ते बघितलं तो माणूस तांड्यावरचाच होता. त्याला बाजूला ठेवून हे रान राखता येईल असं मला वाटत नाही. लांडगा कुठल्या ओढ्याला पाणी पितो आणि वणवा कुठून चढतो, हे ठाऊक असलेली माणसं नुसत्या पगारावर तयार होत नाहीत.

परतीला चिंचोळी गाठलं. इथून सेडमकडे गेलं की जमीन पुन्हा बदलते. शहाबादी फरशीचा चुनखडक सुरू होतो, आपल्या घराघरांत पायाखाली असलेला. मामांना तिथपर्यंतही चालायचं होतं, पण गुडघ्याने ऐकलं नाही. एका तुरीच्या शेतातून शेवटची बाटली भरून घेतली. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात या मातीचा वाटा असं ते मालकाला समजावून सांगत होते. मालकाला ते आधीपासून माहीत होतं, फक्त त्याचा भाव हातात पडत नाही एवढंच त्याने सांगितलं.

बसस्थानकावर बीदरची गाडी लागलेली होती. कंडक्टरने तंबूच्या ओझ्याचं वेगळं तिकीट मागितलं. मामांनी त्याला कानडीत कुठून कुठं चालत आलो ते सांगितलं. त्याने तिकीट फाडलंच, पण ओझं स्वतः उचलून आपल्या जागेशेजारी ठेवलं आणि मन्नाएखेळी येईपर्यंत मामांना विचारत राहिला, चंद्रमपल्लीची परवानगी कुणाकडे मिळते, लहान लेकरांना नेता येतं का, आणि धबधबा बघायचा तर कोणत्या महिन्यात यावं. श्रावणात, मामा म्हणाले, आम्हीही तेव्हाच येणार आहोत.